पहाऱ्याचे दप्तर

चोर सापडला म्हणजे लोक पहारेकऱ्याच्या डोळ्याचे कौतुक करतात. दप्तराचे कौतुक सहसा कोणी करीत नाही. आज घराच्या दारावर, जिन्यात, वाड्याच्या फाटकावर जो कॅमेरा बसलेला दिसतो, त्याच्या बाबतीतही असेच झाले आहे. काचेचा हा डोळा किती दूरचे पाहतो, अंधारात पाहतो की नाही, याची चौकशी ग्राहक दुकानात उभा राहून करतो. पाहिलेले कोठे ठेवले जाते, हवे तेव्हा ते कसे शोधावयाचे, आणि ते नष्ट केव्हा व कोणाच्या हुकमाने होते, हे तीन प्रश्न मात्र तो विचारीत नाही. आमच्या मते कॅमेऱ्याचा खरा इतिहास या तीन प्रश्नांचा इतिहास आहे. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. मस्टर, हजेरीपट, पगारपत्रक या कागदांशी आमचे आयुष्य बांधलेले आहे. म्हणून या विषयाकडे आम्ही दप्तराच्या बाजूने पाहणार आहो.

दप्तर ही वस्तू महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले होते. कापडाच्या रुमालात कागदांचा गठ्ठा बांधावयाचा आणि त्यावर खूण लिहावयाची, अशी ती रीत. आजच्या भाषेत त्या रुमालाला फोल्डर म्हणता येईल. परंतु रुमाल शाबूत असले तरी कोणत्या रुमालात काय आहे हे सांगणारी यादी नसेल, तर दप्तर मुके राहते. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा कोठे सामान्य अभ्यासकाला त्यात वाट सापडली. सारांश, साठवण आणि सूची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवाचून दुसरी पांगळी आहे.

इंग्रजी अमलात आमच्याकडील कलेक्टर कचेऱ्यांच्या अभिलेखखान्यात तिसरी गोष्ट रूढ झाली. कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडावयाचे. अ वर्गाचे कागद कायमचे, ड वर्गाचे वर्षभराचे, मधले आपापल्या मुदतीचे. मुदत भरली की कागद नष्ट करावयाचा आणि नष्ट केल्याची नोंद ठेवावयाची. पहिल्या दृष्टीला हा कारकुनी कंटाळा वाटतो. परंतु 'सगळेच ठेवू' म्हणणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि 'लहर लागेल तेव्हा फाडू' म्हणणाऱ्याच्या दप्तरावर कोणी विश्वास ठेवीत नाही. या दोन्ही अनुभवांतून ही पद्धत निपजली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पहाऱ्याच्या कामी सूचीचे सामर्थ्य प्रथम ओळखले ते पोलिसांनी. पॅरिसच्या पोलिस कचेरीत आल्फोन्स बर्तियों नावाचा एक कारकून होता. कैद्यांचे फोटो कचेरीत ढिगाने पडलेले असत; पण नाव बदलून आलेल्या माणसाचा फोटो त्या ढिगात शोधावा कसा? बर्तियोंने शरीराची मापे घेतली, प्रत्येक मापाचे लहान, मध्यम व मोठे असे तीन भाग केले आणि त्यांप्रमाणे पत्रके खणांत लावली. १८८३ च्या फेब्रुवारीत या पद्धतीने पहिला जुना गुन्हेगार ओळखला गेला. पुढे १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. तिचे श्रेय जगभर एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याला मिळाले. परंतु दहा बोटांच्या ठशांवरून पत्रक १,०२४ खणांपैकी नेमक्या कोणत्या खणात जाईल हे ठरविणारे गणित, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांच्या परिश्रमातून सिद्ध झाले. बत्तीस उभे आणि बत्तीस आडवे खण असलेले ते कपाट हा आजच्या डेटाबेसचा एक आजोबाच म्हटला पाहिजे.

या कपाटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे एका विशिष्ट जमातीत जन्मली एवढ्यावरून त्यांची नावे नोंदवहीत चढविली. हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण अनेक पिढ्यांना आठवत आले आहे. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस त्या समाजांत विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, पण वहीत एकदा चढलेले नाव लोकांच्या मनातून पुसले गेले नाही. ज्याचे नाव नोंदले जाते त्याच्या हाती वही नसेल, तर सूची हे शस्त्र होते. यंत्रे बदलली तरी हा धडा बदललेला नाही.

आता यंत्राकडे वळू. बंद तारेवरचा दूरचित्रवाणी कॅमेरा १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे रॉकेटच्या उड्डाणावर नजर ठेवण्यासाठी वापरला गेला. वाल्टर ब्रुख हा त्याचा अभियंता. चित्र साठविण्याचे कामचलाऊ यंत्र त्या वेळी नव्हते. माणसाने पडद्यासमोर बसावयाचे आणि जे दिसेल ते डोळ्यात साठवावयाचे. घराच्या पहाऱ्यासाठी कॅमेरा आणण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेकडे जाते. तिच्या आणि तिच्या पतीच्या कामाच्या वेळा आडनिड्या. वस्तीत गुन्हे वाढलेले. पोलिस वेळेवर येत नसत. १९६६ साली तिने पती आल्बर्ट यांच्यासह पेटंटचा अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी तो मंजूर झाला. दाराला वरखाली चार छिद्रे, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, दारावरच्या माणसाशी बोलण्याची सोय आणि दुरून कडी उघडण्याचे बटण, अशी ती योजना होती. एका कष्टकरी बाईने स्वतःच्या भयावर स्वतःच शोधलेला हा उपाय आहे. धनिकांच्या वाड्यात तो जन्मला नाही, ही गोष्ट आम्हास मोलाची वाटते. त्या योजनेचे मर्म त्या क्षणी पाहण्यात होते; काल काय झाले हे विचारण्यात नव्हते.

'काल काय झाले' हा प्रश्न विचारता येऊ लागला तो फितीमुळे. १९५६ हे साल या इतिहासात विसरू नये. त्या वर्षी एप्रिलमध्ये शिकागो येथे अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकी फितीवर चित्र उतरविणारे यंत्र दाखविले. त्याची किंमत पंचेचाळीस ते पन्नास हजार डॉलरांच्या घरात होती. म्हणजे ते घरासाठी नव्हतेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आय.बी.एम. कंपनीने रामॅक नावाचे यंत्र जाहीर केले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि त्यांवर मावणारी अक्षरे पन्नास लाख. फीत चित्रासाठी आणि तबकडी हिशेबासाठी, असे हे दोन प्रवाह एकाच वर्षी वेगवेगळ्या उगमांतून निघाले. त्यांचा संगम व्हावयास चाळीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात फितीचे राज्य होते. १९७६ साली जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीने व्ही.एच.एस. कॅसेट बाजारात आणली आणि फीत स्वस्त झाली. पहाऱ्यासाठी अशी यंत्रे निघाली की, ती थांबून थांबून एकेक चित्र घेत आणि काही तासांची कॅसेट दिवसभर पुरवीत. मोठ्या दुकानांत एकतीस कॅसेटी ठेवण्याचा परिपाठ पडला. महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक. एक तारीख पुन्हा आली की पहिल्या कॅसेटवर नवे चित्र उतरावयाचे. कॅसेटच्या पाठीवरची चिठ्ठी हे फोल्डरचे नाव, आणि टेबलावरची वही हा डेटाबेस. वही नीट ठेवली नाही तर रात्रभर कॅसेट मागेपुढे करीत बसावे लागे. तीच तीच कॅसेट वापरून झिजली की चित्रात धुके दिसे आणि नेमका चोराचा चेहरा त्या धुक्यात हरवे.

तबकडी आणि चित्र यांचा संगम एकोणिसाव्या शतकातील शोधांसारखा वाजतगाजत झाला नाही. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला. भांडे रिकामे असता उगाच जिने चढावे लागू नयेत, एवढाच हेतू. १९९३ पासून ते चित्र इंटरनेटवर जगाला दिसू लागले आणि २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा विकावयास काढला. चित्र आता आकड्यांच्या रूपात येऊ लागले. आणि जे आकड्यांत येते ते तबकडीवर मावते.

येथे दप्तराचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. तो समजण्यास एकच उदाहरण पुरे आहे. इंग्लंडात फिलिप कूम्स या गृहस्थाच्या गॅरेजमधून हत्यारे चोरीस गेली. त्यांनी २००२ च्या सुमारास घरच्या संगणकावर चालणारे एक सॉफ्टवेअर लिहिले आणि ते सर्वांना मोफत, उघड्या मजकुरासह देऊन टाकले. त्याचे नाव झोनमाइंडर. पुढे अनेकांच्या हातून ते वाढले. कॅमेऱ्यासमोर हालचाल झाली की ते एक 'घटना' मानते. त्या घटनेची चित्रे एका फोल्डरात जातात. आणि घटनेचा क्रमांक, कोणता कॅमेरा, आरंभ, शेवट, चित्रांची संख्या ही माहिती डेटाबेसात एका ओळीवर चढते. रुमाल निराळा आणि यादी निराळी, हीच ती जुनी व्यवस्था.

पण कपाटालाही मर्यादा असते. लिनक्सच्या त्या काळी प्रचलित असलेल्या फाइल-व्यवस्थेत एका फोल्डरात सुमारे बत्तीस हजारांहून अधिक उपफोल्डर मावत नसत. वर्दळीच्या रस्त्यावरचा कॅमेरा ही मर्यादा पाहता पाहता गाठी. तबकडीवर जागा आहे, पण नवा रुमाल ठेवावयास खण नाही, अशी विचित्र अवस्था! तेव्हा फोल्डरांची उतरंड रचली गेली: वर्षाच्या पोटात महिना, महिन्याच्या पोटात दिवस, मग तास, मिनिट आणि सेकंद. पुढच्या आवृत्त्यांत दिनांकाच्या फोल्डरात घटनेच्या क्रमांकाचा फोल्डर, अशी सुटसुटीत रीतही आली. आवक-जावक पाहणाऱ्या कोणाही कारकुनाला हे शिकवावे लागले नसते.

दुसरी अडचण रोजकीर्द आणि खतावणी जुळविण्याची. तबकडी भरली म्हणून घरमालक घाईने फोल्डरातली चित्रे हाताने पुसतो. यादीतली ओळ मात्र तशीच राहते. मग पडद्यावर घटना दिसते, आणि उघडावयास जावे तो आत काही नाही. उलट, वीज अवेळी गेली आणि डेटाबेस बिघडला, तर चित्रे तबकडीवर पडून असतात. पण त्यांचा धनी कोण हे सांगणारी ओळ नसते. झोनमाइंडरात या दोहोंचा मेळ घालणारा एक वेगळा तपासनीस ठेवलेला आहे; एका बाजूस आहे आणि दुसऱ्या बाजूस नाही असे काही आढळले, तर तो ते काढून टाकतो. म्हणून शहाणपणाचा नियम असा की, पुसावयाचे ते सॉफ्टवेअरच्या हातून पुसावे, थेट फोल्डरात शिरून पुसू नये. डेटाबेसची प्रत निराळ्या तबकडीवर ठेवावी. आणि घड्याळ बरोबर लावावे; कारण दहा मिनिटे मागे चालणारे घड्याळ दप्तरातील प्रत्येक ओळ खोटी करते.

तिसरी अडचण जागेची. आणि येथेच माणसामाणसांतील न्यायाचा प्रश्न सुरू होतो. हिशेब सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला वीस लाख बिट पाठवीत असेल तर ते अडीच लाख बाइट झाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका दिवसाचे २१.६ गिगाबाइट, आणि चार कॅमेऱ्यांचे ८६.४. एक टेराबाइटची तबकडी अखंड चित्रणाने साडेअकरा दिवसांत भरते. १९५६ चे ते रामॅक असते तर काही सेकंदांतच भरले असते! भरली की काय करावयाचे? झोनमाइंडरात तयारच एक चाळणी दिलेली असते: तबकडी शेकडा ९५ भरली की सर्वांत जुन्या घटना पुसाव्यात, मात्र ज्यांवर 'जतन' अशी खूण केली आहे त्यांना हात लावू नये. बाजारातील बहुतेक यंत्रेही हेच करतात. जुन्यावर नवे लिहितात. अ, ब, क, ड हे वर्ग गेले आणि त्यांच्या जागी एकच वर्ग उरला, जागा असेल तोवरचा.

यातून काय घडते, याचा एक अनुभव आमच्या गाठी आहे. एका गृहनिर्माण सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईवर सोन्याच्या अंगठीचा आळ आला. आळ घेतला गेला तो अंगठी शेवटची पाहिल्यापासून विसाव्या दिवशी. बाई आमच्या कचेरीत येऊन म्हणाल्या, "दादा, त्या दिवशी मी त्या मजल्यावर गेलेच नाही. जिन्यात कॅमेरा आहे, तोच बघा ना!" आम्ही सोसायटीच्या चिटणिसांना भेटलो. त्यांनी यंत्र उघडून दाखविले. नऊ दिवसांपूर्वीचे काही शिल्लक नव्हते. कोणी मुद्दाम पुसले नव्हते. यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे जुन्यावर नवे लिहिले होते. ज्या कॅमेऱ्याच्या धाकाने ती बाई रोज मान खाली घालून जिना चढत होती, तो तिच्या साक्षीला मात्र आला नाही. तिची त्या इमारतीतली चारही कामे सुटली. कॅमेरा सगळे पाहतो, असे त्या सोसायटीत सर्वजण म्हणत. परंतु पाहणे वेगळे आणि साक्ष देणे वेगळे. साक्ष दप्तर देते.

न्यायालयांच्या इतिहासातही हे दप्तर आता शिरले आहे. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ साली उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हा वाद निर्वाचन अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रीकरणावर येऊन ठेपला. चित्रीकरणाच्या प्रती होत्या. पण त्यांसोबत द्यावयाचे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्र स्वतः हजर केले नाही आणि प्रत दिली, तर प्रमाणपत्र आवश्यकच. आणि ते देण्याचे कोणी नाकारले तर न्यायालयाकडून मागविता येते. त्याच वर्षी २ डिसेंबरला त्याच न्यायालयाने पोलिस ठाण्यांतील कॅमेऱ्यांची चित्रे अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तेथे निदान एक वर्ष, ठेवण्याचा आदेश दिला. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाला तक्रारीपर्यंत पोचावयास महिने लागतात, हे ओळखूनच मुदत लांब ठेवावी लागते. मुदत किती असावी हा तबकडीच्या आकाराचा प्रश्न नसून दुबळ्याला दाद मागावयास किती दिवस लागतात याचा प्रश्न आहे, असा या आदेशाचा अर्थ आम्ही लावतो.

परंतु मुदत वाढविली म्हणजे सर्व साधले, असेही नाही. चेक देशातील एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या फोडल्या गेल्या. त्याने वळचणीखाली कॅमेरा लावला. तो समोरचा रस्ता आणि समोरच्या घराचे दारही टिपत होता. तबकडी भरली की जुन्यावर नवे लिहिले जाई. संशयित सापडले, पण प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ११ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ठरविले की, सार्वजनिक रस्ता टिपणारा कॅमेरा ही निव्वळ घरगुती बाब नव्हे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. परंतु व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेला माहितीचा वापर त्यातून वगळलेला आहे. मग दूध टाकणारा, पार्सल आणणारा पोऱ्या, धुणीभांडी करणारी बाई यांच्या चेहऱ्यांचे जे दप्तर घरोघर साठत आहे, ते घरगुती किती आणि सार्वजनिक किती? याचे उत्तर आपल्यालाच शोधावयाचे आहे.

आणि दप्तर घरातच राहते असेही आता नाही. पुष्कळ कॅमेरे आपली चित्रे दूरच्या कंपनीच्या कोठारात पाठवितात. फोल्डरांची उतरंड नको, तबकडी भरण्याची धास्ती नको, ही सोय खरी. पण किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला गेली, हेही तितकेच खरे. ३१ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या दारावरच्या कॅमेऱ्यांच्या कंपनीवर आरोप ठेवला की, ग्राहकांच्या घरातील खाजगी चित्रे नोकरांना आणि कंत्राटदारांना पाहता येत होती. कंपनीने ५८ लाख डॉलर देण्याचे मान्य करून प्रकरण मिटविले. स्वतःच्या घरात दप्तर सांभाळणे कटकटीचे आहे. पण ती कटकट हीच मालकीची किंमत आहे.

गिरणीच्या फाटकावर मस्टर प्रथम आले तेव्हा कामगाराला ते आपला शत्रू वाटे. उशीर झाला की त्यात लाल रेघ पडे. पुढे चळवळीने ओळखले की, मस्टर फाडण्यात हित नाही, ते उघडे करण्यात हित आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवणे मालकावर सक्तीचे केले, तेव्हा ती वही कामगाराच्याही उपयोगी पडली. कारण मी कामावर होतो, हे त्याला वहीवरून सिद्ध करता येऊ लागले. कॅमेऱ्याच्या दप्तराच्या बाबतीत आम्ही हेच मागतो. प्रत्येक सोसायटीने एक कागद जिन्यात लावावा. चित्रे किती दिवस ठेवतो. कोणत्या तबकडीवर ठेवतो. किल्ली कोणाकोणाकडे आहे. आणि ज्याचे चित्र आहे त्याने लेखी मागणी केली, तर त्या दिवसाच्या घटनेवर 'जतन' ही खूण करून वाद मिटेपर्यंत ती पुसणार नाही. खूण करण्यास अर्धे मिनिट लागते. मागणी मालकाची असो की मोलकरणीची, ते अर्धे मिनिट दोघांनाही सारखेच मिळाले पाहिजे.